सेरेसवरचं आगर

आमच्या बिल्डिंगचे मालक दामोदर घरत कुणाच्याही घरी गेले की आधी मीठ मागतात. चहा नको, सरबत नको, बसायला खुर्चीसुद्धा नको. उभ्यानेच स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणतात, "जरा मीठ बघू." मग डब्यातली चिमूट जिभेवर ठेवून डोळे मिटतात, आणि घरातली माणसं परीक्षेचा निकाल ऐकायला उभी राहावीत तशी उभी राहतात. निकाल बहुतेक वेळा नापासाचाच असतो. "मॅडम, ह्ये मीठ नाय. हा खडूचा भुगा हाय." मी खारघरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे माझ्या घरात खडूचा भुगा सापडणं अगदीच अशक्य नाही, पण तो मिठाच्या डब्यात नसतो, एवढं मी त्यांना सांगून पाहिलं. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर आलं. "मना काय सांगता? जिभेला इचारा."

जिभेला विचारल्याशिवाय शेठ कुठलंच काम करत नाहीत. भाडेकरू ठेवतानासुद्धा नाही. दुसरे मालक नोकरी कुठे, माणसं किती, मांसाहार करता का, असलं विचारतात. शेठ विचारतात, "मीठ कुठलं खाता?" वरच्या मजल्यावर एक कॉम्प्युटरवाला मुलगा आला होता, त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं की आम्ही गुलाबी मीठ खातो.

"गुलाबी? कुठलं?"

"डोंगरातलं आहे काका. हिमालयाकडचं."

"डोंगरात समुद्र हाय काय?"

मुलगा हुशार होता. म्हणाला, आता नाही, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी होता, तेव्हाचं मीठ आहे ते. शेठनी लगेच निकाल दिला. "म्हंजे शिलं हाय," ते म्हणाले. घर मात्र त्याला दिलं आणि पार्किंगमधल्या पोत्यातून करवंटीभर जाडं मीठही पाठवलं.

हे पोतं हा शेठचा खजिना. नवीन भाडेकरू आला की त्यातली एक करवंटी त्याच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायचं, अशी त्यांची पद्धत आहे. हातात कधीच देत नाहीत. मीठ हातात दिलं की भांडण होतं, हे आपल्याकडे सगळेच मानतात. पण आपण ते अर्धवट मानतो, शेठ पूर्ण मानतात. मी एकदा म्हटलं, शेठ, याला काही अनुभवाचा आधार आहे का?

"हाय ना. एकदाच हातात दिलं. भावाला."

या धाकट्या भावाचं नाव बाळाराम. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. घरतांचं मूळ गाव गव्हाण. खाडीच्या कडेला त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. तिकडे नुसतं आगर म्हणतात. उधाणाच्या भरतीला बांधातली उघाडी, म्हणजे पाणी अडवणारी फळी, उघडायची, खाडीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत उन्हात आटवायचं, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ पिकलं की फावड्याने ओढायचं. दोघे भाऊ यातच वाढले. पुढे शहर आलं. भराव पडले, खाडीची तोंडं बुजली, पाणी कमी येऊ लागलं आणि मीठ काळपट निघू लागलं. दामोदरशेठ म्हणाले, आगर मेलं. बाळाराम म्हणाला, मेलं नाही, वरून सुकलंय, खाली पाणी आहे. शेठनी आपल्या वाट्याची जमीन देऊन टाकायच्या कागदांवर सही केली. बदल्यात पनवेलला प्लॉट मिळाला, त्यावर आमची बिल्डिंग उभी आहे. बाळारामने सही केली नाही.

"जित्या आगराला तू मेलेलं बोल्लास," एवढं म्हणून बाळारामने बोलणं टाकलं. शेठही काही कमी नव्हते. तुझ्या आगरात पाय ठेवणार नाही, अशी त्यांनी आईची शपथ घेतली. तेव्हापासून दोघांचा अबोला होता. लग्नाला दोघे जात, पण एक पहिल्या पंगतीला बसला की दुसरा शेवटच्या पंगतीला बसायचा. शेठची बायको गेली तेव्हा बाळाराम आला, स्मशानाच्या फाटकापाशी उभा राहिला आणि कोणाशी न बोलता परत गेला. शेठनी त्याला पाहिलं होतं. मला हे त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना ते उगाचच लिफ्टच्या दरवाज्याला तेल कमी पडतंय का ते बघत होते.

आता हे असं असताना, दर वर्षी मिठाच्या दिवसांत शेठची स्कूटर गव्हाणच्या बाजूला रस्त्याकडेला उभी दिसायची. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांनी ती पाहिली आहे. शेठ स्कूटरवर बसूनच लांबून बाळारामच्या आगराकडे बघायचे आणि परत यायचे. विचारलं तर म्हणायचे, "जासईला काम व्हतं." जासईला सारखं काम असायला हे काही बंदराकडचे कंटेनरवाले नाहीत. त्यांना भावाशी बोलायचं होतं आणि पहिला शब्द कोणी काढायचा यावर घोडं अडलं होतं, हे शेठ सोडून सगळ्यांना कबूल होतं.

अशात एका रविवारी ते माझ्याकडे मीठ तपासायला आले. टेबलावर पेपर उघडा होता. त्यात आतल्या पानावर एक फोटो होता: करड्या रंगाचा मोठा खड्डा आणि मधोमध पांढराशुभ्र डाग. शेठ मिठाची चिमूट हातात तशीच धरून खाली वाकले.

"मॅडम, ह्ये कुनाचं आगर?"

मी म्हटलं, आगर नाही शेठ, हा सेरेस आहे. मंगळ आणि गुरू यांच्या मधे दगडधोंड्यांचा एक मोठा पट्टा सूर्याभोवती फिरतो, त्यातला सगळ्यात मोठा गोळा. एक यान तिथे जाऊन फिरतंय, त्याने वरून काढलेला फोटो आहे. त्या गोळ्यावर पाणी आहे असं शास्त्रज्ञांना आढळलंय.

"ग्रह हाय?"

"बटुग्रह. म्हणजे लहान. पूर्ण ग्रहांत धरत नाहीत."

"आमच्यासारखा. गावात धरत नाय आनि शेरात पन धरत नाय." त्यांनी चिमूट परत डब्यात टाकली. इतक्या वर्षांत मीठ न चाखता परत टाकल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. "मीठ हाय ते. पानी आटलं का असंच पांढरं पडतं. मालक कोन?"

"कोणीच नाही."

"मंग उघाडी कोन उघडतो?"

मी त्यांना समजावलं की तिथे उघाडी नाही, भरती नाही, समुद्रही नाही. पाणी बर्फाच्या रूपात जमिनीत मुरलेलं आहे आणि खूप खोल कदाचित खारं पाणी असेल. माझ्या वर्गातली पोरं एवढ्यात पेंगायला लागतात. शेठनी मात्र शेवटचं वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. "वरून सुकलेलं दिसतंय, आनि खाली पानी हाय," ते स्वतःशीच म्हणाले, आणि पेपरचं ते पान मागून घेऊन गेले.

त्यानंतर माझ्या आयुष्यात सेरेस आला. रोज सकाळी कॉलेजला निघताना शेठ फाटकापाशी उभे असायचे. "मॅडम, आपल्या आगराची काय खबर?" आता आकाशातल्या गोळ्याच्या बातम्या काही रोज येत नाहीत. शास्त्रज्ञ एक गोष्ट छापायला दोन-दोन वर्षं लावतात, हे त्यांना पटेना. वॉचमन, दूधवाला, इस्त्रीवाला, सगळ्यांना त्यांनी सांगून टाकलं की सेरेसवर मीठ आहे. इस्त्रीवाल्याला वाटलं सेरेस हा उलव्यातला नवा टॉवर आहे. त्याने विचारलं, पझेशन कधी आहे? शेठ त्याच्यावर इतके भडकले की त्याने त्यांचे शर्ट आठवडाभर जास्तच कडक केले.

मग एक दिवस खबर आली आणि ती वाईट होती. तो पांढरा डाग म्हणजे बहुतांशी सोडा निघाला. खायचा नव्हे, धुण्याचा. मी शिक्षिका असल्यामुळे खोटं बोलण्याची सोय नव्हती. फाटकापाशी मी त्यांना तसं सांगितलं.

"सोडा? कपड्याचा?"

"हो."

"जिभेवर ठेवून बघितला काय कोनी?"

"नाही हो शेठ, लांबूनच तपासलाय. प्रकाशावरून कळतं."

"मंग इथं बसून मी पन सांगतो, मीठ हाय," असं म्हणून ते वळले. पण बाण लागला होता. इस्त्रीवाल्यानेही मधे एकदा, शेठ, तुमच्या ग्रहावरचा सोडा मागवू का, असं विचारून जखमेवर मीठ चोळलं. बरेच दिवस फाटकापाशी कोणी उभं राहिलं नाही, आणि मला चक्क चुकल्यासारखं वाटू लागलं.

पुढे यानातलं इंधन संपल्याची बातमी आली तेव्हा मीच जिना उतरून त्यांच्याकडे गेले. शेठ एकटेच जेवत होते. मुलगा-सून खारघरला टॉवरमध्ये राहतात. रविवारी येतात, तेही पार्किंग मिळालं तर. मी सांगितलं की यानाचा आवाज आता बंद झाला, पण ते सेरेसभोवती फिरतच राहणार.

"उतरत का नाय खाली?"

"मुद्दाम उतरवलं नाही. आदळलं तर तिथलं पाणी आपल्या घाणीने खराब होईल म्हणून लांब ठेवलंय."

शेठनी घास खाली ठेवला. "बरोबर केलं," ते म्हणाले. "जवल जाऊन खराब करन्यापरीस लांबून फिरलेलं बरं." मग त्यांनी मला सुकटीची चटणी चाखायला लावली आणि मीठ कमी आहे असं मी म्हणेपर्यंत सोडलं नाही.

या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. पहिली अशी की बाळारामच्या आगरावरून रस्ता जायचा ठरला. पावसाआधी भराव पडणार, आत्ताचा हंगाम शेवटचा. कोर्टकचेरी करून तोही दमला होता. दुसरी गोष्ट मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एका मासिकात वाचली. त्या पांढऱ्या डागाच्या अगदी मधे शास्त्रज्ञांना साधं मीठ सापडलं होतं, आपण खातो ते. आणि ते ओलं होतं. तसं मीठ तिथे उघड्यावर फार काळ ओलं राहू शकत नाही. म्हणजे ते अलीकडेच खालून आलेलं असणार. म्हणजे मेलेल्या समजलेल्या त्या गोळ्याच्या पोटात खारं पाणी अजून असणार.

संध्याकाळी मी हे शेठना सांगितलं. मला वाटलं होतं, नाचतील, इस्त्रीवाल्याचा समाचार घेतील. ते पार्किंगमध्ये पोत्यावर जाऊन बसले.

"मॅडम, ह्ये बालारामला सांगाया पायजे."

"सांगा ना."

"तुमी सांगा. मी गाडी चालवतो."

"मी कशाला?"

"तुमी शिकलेल्या हाव. तुमचं ऐकंल."

मला त्यांची दया आली आणि रागही आला. रस्त्यावरून लांबून बघत एवढी वर्षं काढली, आता आगर जायच्या बेताला आलं तेव्हा निरोप धाडायचा, आणि तोही गुरू-मंगळावरून! पण दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी फोटो छापून घेतला आणि गाडीत बसले.

शेठनी गाडी बांधाच्या अलीकडे रस्त्यावर उभी केली, काच खाली घेतली आणि स्टीअरिंग धरून समोर बघत बसले. पुढचा रस्ता मी एकटीने तुडवला. बाळाराम घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहून फावडं ओढत होता. शेठचंच नाक, शेठचीच भुवई, फक्त अंगावर मांस नाही. त्याची बायको जनाबाई बांधावर टोपल्या उपड्या घालत होती. मी माझी ओळख सांगितली, फोटो दाखवला आणि वर्गात सांगते तसं पहिल्यापासून सगळं सांगितलं: दगडांचा पट्टा, यान, सोडा, सोड्याच्या मधे मीठ, खाली पाणी. बाळारामने ओले हात पुसून फोटो घेतला.

"तो हाय काय गाडीत?"

"आहेत."

त्याने फोटो उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला. "मेलंय ह्ये," तो म्हणाला. "सांगा त्याला. मेलेलं आगर हाय."

मी बांधावरून परत गेले. "मेलंय म्हणतात."

शेठचा चेहरा लाल झाला. "कसं मेलं? खाली पानी हाय बोला! ओलं मीठ हाय बोला!"

मी पुन्हा आगराकडे. बाळाराम म्हणाला, "मंग तिथं मानूस का नाय एक पन? जित्या आगराला मानूस सोडत नाय, बोला." मी पुन्हा गाडीकडे. एप्रिलचं ऊन, चपलेला चिखल चिकटलेला, आणि भौतिकशास्त्राची एम.एस्सी. झालेली मी दोन भावांमधे पोस्टमनचं काम करत होते. तिसऱ्या खेपेला मी स्वच्छ सांगितलं की आता मी जाणार नाही, ज्याला काय बोलायचं ते त्याने स्वतः बोलावं.

शेठनी स्टीअरिंग सोडलं. मग दार उघडून उतरले आणि तरातरा बांधावरून चालू लागले. आगराच्या कडेला पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या, कारण आगरात चपला घालून कोणी जात नाही, आणि पँट न दुमडताच पाण्यात पाय घातला. आईच्या शपथेचं त्यांना भान होतं की नाही, कोण जाणे.

"मेलंय कुनाला बोल्तोस रं?" ते ओरडले. "शास्त्रज्ञ येडे हान काय?"

"सोडा हाय तो! म्याडम बोल्ल्या सोडा!"

"सोडा कडंला हाय! मधी मीठ!"

"नुसतं पांढरं बघून आगर जितं व्हत नाय, दादूस! तुला काय कलतंय त्यातलं? तूच बोल्लास ना मेलंय, सही करताना? तवा ह्ये एवढं पानी तुज्या पायाखाली व्हतं!"

"तवा मी चुकलो!" शेठनी मोठ्याने सांगितलं. रस्त्यावरून कंटेनर जात होता, तरी ऐकू आलं. "तवा चुकलो म्हनून आता पन चुकन काय? ह्ये बघ, ह्यो मधला रंग बघ! खालनं पानी येत नसंल तर असा रंग ऱ्हातो काय?"

 बाळारामने फोटो पुन्हा डोळ्यांपुढे धरला, पण लगेच मान हलवली. "उजेड पडलाय त्यावर. फोटूत सगलंच पांढरं दिसतं."

"तुजं डोकं फिरलंय!"

"तुजं पयलेपासून फिरलेलं हाय!"

दोघे आता एकाच वाफ्यात उभे होते. शेठ वाकून ओंजळीत पाणी घेत होते आणि हे बघ, हे बघ, असं करत भावाच्या नाकापुढे नेत होते. बाळाराम ते हात बाजूला सारत होता. शेठचा स्वच्छ धुतलेला शर्ट मिठाच्या पाण्याने पार भिजला होता. दोघांचाही आवाज इतका चढला की पलीकडच्या बांधावरचे बगळे उठून लांब जाऊन बसले. मला भीती वाटली. म्हातारी माणसं, ऊन डोक्यावर, हातात फावडं. कमी-जास्त काही झालं तर त्याला कारण मी आणि तो फोटो.

जनाबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. मी म्हटलं, "मावशी, जाऊन थांबवू का त्यांना?"

तिने माझा हात घट्ट धरला. तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"नको गं बाय," ती म्हणाली. "भांडू दे. किती वर्सांनी भांडतायत."